अकरा गोट्या

"गोट्या टाकून मतदान करतात म्हणे! गोट्या!" असं म्हणून भर सभागृहात तीनशे माणसांना हसवणारी शहाणी दुसरी-तिसरी कोणी नव्हती, मीच होते. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी ज्याच्या त्याच्यावर आग पाखडायला लागेन, तेव्हा लक्षात ठेवा की त्या रांगेत पहिला नंबर माझा आहे.

आम्ही अमेरिकेत, वेस्ट विंडसरला राहतो. मी एका औषध कंपनीच्या आयटीत, नवरा आठवड्यातले चार दिवस शिकागोला. आई गेल्यावर बाबांना इकडे घेऊन आले. बाबा अठ्ठ्याऐंशीचे. हाताला कंप आहे, डावा पाय ओढत चालतात, पण डोकं तल्लख. छत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मी ऑफिसला गेले की त्यांना सांभाळायला गांबियाच्या एक बाई यायच्या. गांबिया म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला एवढासा देश, नदीच्या दोन्ही काठांनी पट्टीसारखा पसरलेला. बाई येईपर्यंत मलाही तो नकाशावर दाखवता आला नसता.

त्यांना बाई म्हणायला बाबांनी सुरुवात केली. त्या गावी प्राथमिक शाळेत शिकवत होत्या हे कळलं, तेव्हा बाबांनी काठी बाजूला ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "मग तुम्ही आमच्या शाळेतल्या बाई." तेव्हापासून आमच्या घरात त्या बाईच. बाबांचं इंग्रजी मास्तरी, बाईंचंही तसंच. दोघं सावकाश, पूर्ण वाक्यात बोलायचे, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी जितकं जमायचं तितकं माझं दोघांपैकी कोणाशीही जमत नसे.

आणि दोघांना जोडणारी खरी गोष्ट होती इलेक्शन ड्यूटी. आपल्याकडे निवडणूक आली की सगळ्यात आधी मास्तरांना जुंपतात. तिकडेही तेच निघालं! मग काय विचारता. बाबा त्यांना सांगायचे, आम्ही पेटी घेऊन एसटीने वाडीवर जायचो, शाळेतच झोपायचो, पेटीला लाखेचं सील करायचो. बाई त्यांना सांगायच्या की त्यांच्याकडे कागद नाही आणि बटणही नाही. मतदाराच्या हातात एक काचेची गोटी देतात. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराचं एक पिंप असतं, रंगवलेलं, वर फोटो लावलेला. त्याच्या नळीत गोटी सोडायची. आत घंटा असते, ती एकदा वाजली पाहिजे. दोनदा वाजली तर बाहेर बसलेल्या माणसाला कळतं की आत कोणीतरी लबाडी केली. आणि म्हणून मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकल आणायची नाही, घंटीचा घोटाळा नको.

हे ऐकून बाबा असे खूश झाले की काही विचारू नका. त्यांनी उशाचा तांब्या रिकामा करायला लावला, शेजारच्या पोराकडून एक गोटी मागवली आणि बाईंना ती तांब्यात टाकायला सांगितली. टण्ण! "झालं," बाबा म्हणाले. "ज्याला वाचता येत नाही त्यालाही फसवता येणार नाही. आमच्याकडे हे कोणाला का नाही सुचलं?"

तर या बाईंची धाकटी बहीण एप्रिलमध्ये त्यांच्या संसदेच्या निवडणुकीला उभी होती. अपक्ष. तिकडच्या एका आडगावच्या दवाखान्यात नर्स होती आणि दवाखान्याला औषधं नाहीत, गाडी नाही, म्हणून ओरडून ओरडून शेवटी स्वतःच उभी राहिली. बाईंनी जानेवारीतच माझ्याकडे तीन आठवड्यांची रजा मागितली. मत द्यायला जायचं आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, विचारता काय! जा की!" माझा धाकटा भाऊ दुसऱ्या राज्यात, कॅरीला असतो. तो घरून काम करतो, तो येऊन राहील असं ठरलं. बाईंनी तिकीट काढलं. मी त्यांच्या बहिणीसाठी आयसेलिनच्या ओक ट्री रोडवरून एक सुती साडी आणली. आहे ना मी दिलदार?

मार्चच्या शेवटी भावाचा फोन आला. "यार ताई, नाही जमत गं. आमचं रिलीज आलंय. मॅनेजर जीव खातोय." झालं, त्याने हात वर केले. मी त्याला फोनवर असा झाडला की त्याच्या बायकोने मध्ये पडून फोन ठेवला. पण आज शांतपणे विचार केला की कळतं, त्याच्यावर ओरडणं सोपं होतं. रजा माझ्याकडेही होती. डिसेंबरच्या भारतवारीसाठी मी ती अंगावरच्या दागिन्यासारखी जपून ठेवली होती. शिवाय दुसरंही एक कारण होतं, आणि ते सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाईंच्या मतदानाच्या शनिवारीच आमच्या मराठी मंडळाचा पाडवा होता. पाडवा आदल्या आठवड्यातच होऊन गेला होता, पण आमचे सण शाळेचं सभागृह मिळेल त्या शनिवारी येतात. त्याच दिवशी मंडळाची सर्वसाधारण सभा, आणि त्यात मी अध्यक्ष होणार होते. होणार होते म्हणजे झालेलीच होते. आमच्याकडे निवडणूक कागदावर असते. खरी निवडणूक चार जणांच्या फोनवर होते. "यंदा तुम्ही घ्या, पुढच्या वर्षी ते घेतील, कशाला उगाच वितुष्ट." मग सभेत कोणीतरी नाव सुचवतं, कोणीतरी अनुमोदन देतं, टाळ्या, आणि बिनविरोध! याचा आम्हाला केवढा अभिमान. मी मंडळात आल्यापासून एकदाही मत पडलेलं नाही. तारीख तर काय, बर्फ पडला तर ढकला, कोणाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन आलं तर ढकला.

तेव्हा एका संध्याकाळी मी बाईंना थांबवून घेतलं आणि आल्याचा चहा केला. मी आपण होऊन चहा करते तेव्हा समोरच्याने सावध व्हावं. मी म्हटलं, "बाई, तिकीट आठवडाभर पुढे ढकललं तर? शनिवारी माझा कार्यक्रम आहे, मंगळवारपर्यंत भावाचं रिलीज उरकतंय, मग तो येतोय. तुम्ही बुधवारी निघा. निकालाला तुम्ही तिथेच असाल!"

माझ्या डोक्यात आपला निकाल होता. मतदान होतं, पेट्या कुलपात जातात, मग मोजणीचा दिवस, ताशे, गुलाल, जीपवर उभी राहिलेली माणसं. लहानपणापासून मी तेच पाहिलं. मतदान म्हणजे रांग, आणि निकाल म्हणजे जत्रा. मला वाटलं, मी त्यांना रांग चुकवून थेट जत्रेला पाठवते आहे. मनातल्या मनात मी स्वतःची पाठसुद्धा थोपटली.

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे मोजणी त्याच दिवशी होते. मतदान संपलं की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर."

"असं होय? बरं, मग जल्लोषाला जा. तो काही एका दिवसात संपत नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. मला समजावून सांगायचं म्हणून त्या आणखी सावकाश बोलायला लागल्या. खाडीपलीकडे त्यांच्या आईचं माहेर आहे. तिथल्या मावश्या, मावसबहिणी, सव्वीस बायका. होडीने अलीकडे येऊन मत द्यावं लागतं. घरातले पुरुष कटकट करतात, बायका कंटाळा करतात. बाई थोरली लेक. त्या पहाटे जाऊन एकेकीच्या दारात उभ्या राहिल्या की सगळ्या मुकाट निघतात. मागच्या वेळीही त्यांनीच नेल्या होत्या. "फोनवर सांगून त्या उठत नाहीत," बाई म्हणाल्या. "दारात मीच लागते."

हे सगळं मी ऐकलं. कान होते ना मला? आणि ऐकून मी काय म्हणाले? "अहो, तुमची बहीण नर्स आहे, अर्ध्या गावाची बाळंतपणं तिने केलीत. एका वस्तीने काय होतंय!" आणि मग ते हुकमी वाक्य, जे आपण मोलकरणीपासून सुनेपर्यंत सगळ्यांना ऐकवतो: "तुम्ही काय परक्या आहात का? घरच्याच आहात."

घरच्याच! परकं माणूस असतं तर मी कराराकडे बोट दाखवलं असतं, त्यांनीही दाखवलं असतं. एजन्सीला फोन करून दुसरी बाई मागितली असती. घरचं म्हटलं की समोरच्याचं तोंडच बंद होतं. बाईंनी चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि म्हणाल्या, "ओके." मी लगेच लॅपटॉप उघडून त्यांचं तिकीट बदललं. दोन मिनिटं लागली.

बाई गेल्यावर आतल्या खोलीतून बाबांनी हाक मारली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "तुझा साखरपुडा आठवतो का?"

न आठवून कोणाला सांगते! माझ्या साखरपुड्याच्या तारखेला बाबांची लोकसभेची ड्यूटी लागली होती. मुलाकडचे लोक म्हणाले, रजेचा अर्ज टाका, ओळख लावा. बाबांनी साखरपुडा आठ दिवस पुढे ढकलला आणि पेटी घेऊन कुठल्याशा डोंगरातल्या वाडीवर निघून गेले. सासूबाईंनी त्यावरून मला पुढे वीस वर्षं टोमणे मारले. तेव्हा बाबा सगळ्यांना एकच सांगत होते: समारंभ हलवता येतो, मतदान हलवता येत नाही.

"आठवतो," मी म्हटलं. "पण ते वेगळं होतं, बाबा."

"वेगळं काय होतं?"

 मी उलट त्यांच्यावरच चिडले. तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं, तुम्हाला सांभाळायला कोणी नको का, वगैरे. म्हाताऱ्या, आजारी माणसाला त्याच्याच आजारपणाने गप्प करायचं, हा आणखी एक आमचा घरगुती डाव. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या शनिवारी बाई सकाळीच आल्या. मी नऊवारी नेसून, नथ घालून तयार. त्यांचा फोन जेवणाच्या टेबलावर उभा करून ठेवलेला, त्यात तिकडचा रेडिओ चालू. मी म्हटलं, "काय म्हणतंय वातावरण?" बाई म्हणाल्या, "लोक येतायत." मी "ऑल द बेस्ट" म्हणून गाडी काढली आणि वाटेत आयसेलिनला थांबून दोन किलो पेढे घेतले. एक किलो माझ्या अध्यक्षपदाचे, एक किलो त्यांच्या बहिणीचे. मोजणीआधीच पेढे! आत्मविश्वास बघा.

सभेत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. नाव, अनुमोदन, टाळ्या. मी माइक हातात घेतला. दोन शब्द बोलायचे होते, पण सगळे श्रीखंड-पुरीची वाट बघत चुळबुळत होते, म्हणून मी म्हटलं जरा हसवावं. आणि मी ती गोट्यांची गोष्ट सांगितली. नळी, पिंप, घंटा, सायकलबंदी, सगळं हातवारे करून. काय हसली माणसं! पहिल्या रांगेतले एक काका ओरडले, "आमच्या नातवाला पाठवा, तो रोज मतदान करतो!" हशा आणखी वाढला. मी म्हटलं, "बघा, त्यापेक्षा आपलं बिनविरोध किती छान!" टाळ्या. आयुष्यात एकदाही मंडळासाठी मत न दिलेल्या माणसांनी, ज्यांना अख्ख्या देशासाठी मत देता येतं त्यांना हसावं, आणि हसवणारी मी. मला आता ती नथ आठवली तरी संताप येतो. एका माणसाने आमच्याकडे विश्वासाने, स्वतःच्या घराबद्दल सांगावं तसं जे सांगितलं होतं, त्याचा मी तमाशा केला.

पाचच्या सुमाराला मी घरी आले. एका हातात श्रीखंडाचा डबा, दुसऱ्या हातात पेढे. दारातूनच ओरडले, "काय बाई, आली ना निवडून?"

दोघं टेबलाशी बसले होते. मधे शाळेत असते तसली बाबांची दोनशे पानी वही. बाईंनी त्यात रेघा मारून दिल्या होत्या, आणि आकडे बाबांच्या अक्षरात. थरथरत्या हाताचे, पण एकाखाली एक, नीट. केंद्राचं नाव, प्रत्येक उमेदवाराची मतं, शेवटी बेरीज. फोनवरून एकेका केंद्राचा आकडा येत गेला तसा तो दोघांनी मांडला होता. बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अकरा," ते म्हणाले.

"अकरा मतांनी आली?"

"अकरा मतांनी गेली."

 तोंडातून पहिलं काय निघावं? "अहो, मग फेरमोजणी मागा! काहीतरी गडबड असणार! अकराने कुठे कोणी हरतं का?" मला कोणीतरी चोर हवा होता. तिकडचा अधिकारी, विरोधी उमेदवार, कोणीही. माझ्या घरात राहत नसलेला.

बाई म्हणाल्या, "गडबड काही नाही. मोजायला भोकांच्या पाट्या असतात, त्यात गोट्या लावतात. सगळ्यांनी पाहिल्या. माझ्या बहिणीनेही दोनदा पाहिल्या."

बाबांनी वही माझ्याकडे फिरवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. होडीच्या धक्क्याजवळचं केंद्र, खाडीपलीकडच्या वस्तीचं. त्या आकड्यापुढे बाईंनी कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं: सव्वीसपैकी आलेल्या बायका, नऊ. बहिणीने फोन करून करून नऊ जणी उठवल्या होत्या. सतरा घरीच बसल्या.

वजाबाकी करायला मला वेळ लागला नाही. मी इंजिनिअर आहे.

"पेढे आत ठेव," बाबा म्हणाले.

मी बाईंना म्हटलं, सॉरी. एकदा, दोनदा, पाच वेळा. त्या "इट्स ओके" म्हणाल्या, बाबांना बाथरूमला नेऊन आणलं, त्यांची संध्याकाळची गोळी दिली आणि कोट घालून गेल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. पण मला बरं वाटावं म्हणून त्यांनी का म्हणून ओरडावं?

बुधवारी त्या मी बदललेल्या तिकिटावर गेल्या. कसला जल्लोष आणि काय! हरलेल्या घरी पोचल्या. तीन आठवड्यांनी परत येणार होत्या, आल्या नाहीत. एजन्सीकडून निरोप आला की त्यांनी काम सोडलंय. भाऊ चार दिवस राहून कॅरीला परतला. दुसरी मदतनीस आली, ती बाबांना आवडेना. तिसरी दोन दिवसांत गेली. शेवटी मी ऑफिसात रजेचा अर्ज केला. आजारी वडिलांना सांभाळायला, तीन महिने. वाटलं होतं, केवढी भवती न भवती होईल. एका ई-मेलमध्ये मंजूर झाली. मॅनेजरने वर लिहिलं, काळजी घे. ही रजा मार्चमध्येही एवढ्याच सहज मिळाली असती. मी मागितलीच नव्हती.

मंडळात मी पहिल्याच बैठकीत म्हटलं की यापुढे गुप्त मतदान घ्यायचं. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी श्रीखंडात मीठ घातलं. "आपल्यात कशाला? आपण सगळे घरचेच ना," ते पहिल्या रांगेतले काका म्हणाले. मी तिथे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर आमच्याकडे कोणी हळदीकुंकवालाही फिरकलेलं नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

जूनमध्ये एका सकाळी बाईंचा फोन आला, बाबांची चौकशी करायला. म्हणाल्या, बहीण पुन्हा उभी राहणार आहे. त्या स्वतः आता तिकडेच थांबणार. पाच वर्षं आहेत हातात, तोवर खाडीपलीकडच्या बायकांना स्वतःहून होडीत बसायची सवय लावायची आहे, म्हणजे कोणी दारात यायची वाट बघायला नको. त्यांचा आवाज मोकळा होता, माझ्या घरात कधी नव्हता इतका. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

मला ते विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं. "बाई, मी तुम्हाला तेव्हा जाऊ दिलं असतं तर?"

आपल्याकडचं कोणी असतं तर म्हणालं असतं, जाऊ द्या हो, जे व्हायचं ते होतंच. मीही तेच ऐकायला कान टवकारून बसले होते.

"जिंकलो असतो," बाई म्हणाल्या. मग विचारलं, "बाबांनी सकाळची गोळी घेतली का?"

फोन ठेवून मी बाबांच्या खोलीत गेले. ते उठून बसले होते. "काय म्हणाल्या बाई?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यांच्यासमोर खोटं बोलण्याची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

बाबांनी उशाशी ठेवलेली ती वही काढली, चष्मा लावला, शेवटचं पान उघडून बोटाने वरून खाली आले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वहीतही तसंच येतंय." आणि गोळीसाठी त्यांनी हात पुढे केला.